प्रबंध कधी संपणार?

जालना जिल्ह्यातील सुशिक्षित घरांत हल्ली एक प्रश्न वारंवार कानी पडतो. सणासुदीस आप्तमंडळी जमतात, पंगत उठते, पानाचे तबक फिरू लागते आणि कोणीतरी वडीलधारे माणूस घरातील लेकीकडे, सुनेकडे किंवा धाकट्या चिरंजीवांकडे वळून विचारते, “मग, प्रबंध कधी संपणार?” प्रश्न मायेचाच असतो, यात शंका नाही. परंतु ज्याला तो विचारला जातो त्याच्या तोंडातील विडा तेवढ्यापुरता बेचव होतो. असे का व्हावे, याचा विचार या महिन्यात आम्ही आमच्या वाचकांसमवेत करू इच्छितो.

मागील पिढ्यांस हा प्रश्न फारसा पडला नाही. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षण घ्यावयाचे तर १९१८ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी लागे, नाहीतर पुणे-मुंबई गाठावी लागे. पुढे १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले. १९९४ पासून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ या नावाने ओळखले जाते, आणि ते शहरही आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. जालन्याहून अंतर सुमारे साठ किलोमीटर. विद्यापीठ जवळ आले हे उत्तमच झाले; परंतु त्याबरोबर एक नवी अडचणही घरात आली. पूर्वीचा विद्यार्थी परगावी राहून शिकत असे, आताचा माजघरात बसून शिकतो. परगावी असलेल्या मुलाचा अभ्यास घरास दिसत नसे, म्हणून घर त्यावर विश्वास ठेवी. डोळ्यांसमोर पुस्तक उघडून बसलेले माणूस मात्र रिकामेच आहे असे घरास वाटते. मग त्याला बँकेत पाठविले जाते, दळण आणावयास सांगितले जाते, आल्यागेल्याचा चहा त्याच्याकडे येतो.

हे काम नेमके असते तरी कसे? एखादी सूनबाई भोकरदनच्या प्राचीन व्यापारावर प्रबंध लिहीत आहेत असे समजू. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांत या गावच्या माणसांचा उल्लेख आहे. १९७३ साली नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून तेथे उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंती मूर्तीही सापडली. इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झाले होते. तेथे १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. दोहोंतील साम्य पाहून ती पाँपेईची मूर्ती भोकरदनकडेच घडली असावी, असे काही विद्वानांनी सुचविले आहे. आपल्या जिल्ह्यातील गावाचा धागा असा समुद्रापार जाऊन पोहोचतो! हे ऐकताना कोणासही कौतुक वाटेल. परंतु त्या एका ‘असावी’ या शब्दामागे किती दिवस जातात, ते घरास ठाऊक नसते.

सूनबाई सकाळचा स्वयंपाक उरकून गाडी धरतात. ग्रंथालयात हवा तो अहवाल कोणीतरी नेलेला असतो. दुसऱ्या खेपेस तो मिळतो, तर त्यातील नेमके चित्रपत्र फाटलेले. महिनाभर खपून लिहिलेले प्रकरण मार्गदर्शकांकडून परत येते, त्यावर शाईच्या खुणा इतक्या की मूळ अक्षर शोधावे लागते. आपण ज्यास नवा विचार समजत होतो तो वीस वर्षांपूर्वी कोणी छापून ठेवला आहे, असे एखाद्या दुपारी कळते आणि त्या दिवशी जेवण गोड लागत नाही. उलट कधी एका क्षुल्लक टीपेवरून दोन गोष्टींचा मेळ बसतो आणि परतीच्या प्रवासात मन इतके हलके होते की उभ्याने आलेला तासही जाणवत नाही. पण घरी येऊन हा आनंद सांगावा कोणास? “आज एक खापर कोणत्या काळाचे ते कळले,” असे म्हटले तर सासूबाई म्हणणार, “बरे झाले हो, आता भाजी निवडून घ्या.”

काळाचा हिशेबही घराने समजून घ्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे या पदवीस किमान तीन व एरवी कमाल सहा वर्षे दिली आहेत. स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे आणि बाळंतपण व बालसंगोपनासाठी एकंदर २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. आरंभी अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. दर सहामाहीस सल्लागार समितीपुढे उभे राहून झालेले काम सांगावे लागते. प्रबंध दिल्यावर तो बाहेरच्या निदान दोन परीक्षकांकडे जातो, त्यांचे अभिप्राय येईपर्यंत वाट पाहावी लागते आणि मग सर्वांसमक्ष मौखिक परीक्षा होते. तेव्हा लेखन संपले म्हणजे प्रबंध संपला असे नव्हे. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये हाती येतात. हा दर २०२३ पासूनचा आहे. ती ज्यांस मिळत नाही त्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांचा खर्च घरच उचलते किंवा ते नोकरी सांभाळून शिकतात. म्हणूनच घराचा प्रश्न अगदी गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. जो पैसा आणि वेळ देतो त्यास विचारण्याचा अधिकार आहे.

परंतु विचारावे काय? या बाबतीत आमच्या समाजातील तिघी विदुषींचे स्मरण उपयोगी पडेल. इरावतीबाई कर्वे बर्लिनला मानववंशशास्त्राचा अभ्यास करीत होत्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांस कवट्यांच्या मापांतून वंशावंशांतील श्रेष्ठकनिष्ठता दिसेल अशी अपेक्षा होती. इरावतीबाईंनी मापे घेतली आणि तसा भेद आढळत नाही, असे प्रबंधात लिहिले. ‘आढळत नाही’ हेही संशोधनाचे फळ असते, आणि ते लिहावयास कधी अधिक धैर्य लागते.

दुसऱ्या दोघी सख्ख्या बहिणी. कमलाबाई भागवत, पुढच्या सोहोनी, यांस १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रथम प्रवेश नाकारला गेला. नेटाने त्यांनी तो मिळविला, आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीसएक पानांचा होता असे सांगतात. त्यांच्या थोरल्या भगिनी दुर्गाबाई मध्य प्रांतातील आदिवासींत फिरून डॉक्टरेटचा अभ्यास करीत असता विषबाधेने दीर्घकाळ अंथरुणास खिळल्या आणि पदवी अपुरीच राहिली. पण त्या फिरतीतून व वाचनातून जी दृष्टी आली ती वाया गेली नाही. ‘ऋतुचक्र’ आणि ‘पैस’ लिहिणाऱ्या दुर्गाबाई १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. या दोघींपैकी कोणाचा अभ्यास ‘संपला’ आणि कोणाचा नाही, हे पदवीच्या कागदावरून ठरविता येईल काय?

येथे विद्यार्थ्यांसही दोन शब्द सांगणे आम्हांस प्राप्त आहे. आपले काम कोणास कळत नाही असे मानून कोपऱ्यात धुमसत बसू नये. ज्याला आपला विषय आजीला चार वाक्यांत सांगता येत नाही, त्याला तो समितीपुढेही नीट सांगता यावयाचा नाही. शिवाय अभ्यासाच्या नावाखाली घरची सारी कामे टाळणे हेही शोभत नाही. कुटुंब मोठे असले की कामांची वाटणी करता येते, हाच तर एकत्र घराचा मोठा लाभ.

घराने मात्र तीन गोष्टी कराव्यात अशी आमची विनंती आहे. एक मेज त्या अभ्यासासाठी राखून ठेवावे आणि त्यावरील कागद पाहुण्यांसाठी आवरू नयेत. दिवसाचे दोन तास असे ठरवून द्यावेत की त्या वेळी दाराशी कोणी आले तरी दुसऱ्याने उठावे; आणि सुनेच्या बाबतीत हा नियम मुलाच्या बाबतीत पाळतो तितक्याच कसोशीने पाळावा. तिसरी गोष्ट प्रश्नाची. ‘कधी संपणार’ याऐवजी ‘आज काय सापडले’ असे विचारून पाहावे. पुष्कळदा उत्तर येईल, “काही नाही.” तेव्हा भाजी दुसऱ्या कोणाकडे द्यावी, आणि त्या माणसास पुन्हा मेजाकडे जाऊ द्यावे.