‘बॉस’ला वाली कोण?

पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ने १९९१ साली ‘परम’ महासंगणक सिद्ध केला, तेव्हा देशाची मान उंचावली. याच संस्थेने २००७ साली ‘बॉस’ ही संगणकाचा मूळ कारभार चालविणारी, मराठीसह भारतीय भाषा जाणणारी विनामूल्य प्रणाली दिली. तिचे कौतुक झाले. वापर मात्र बेताचाच राहिला.

हा प्रश्न आता टाळता येणार नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ची नित्याची विनामूल्य सुरक्षा-दुरुस्ती थांबली आणि शाळा-कचेऱ्यांतील कित्येक धडधाकट संगणक एका परदेशी कंपनीच्या निर्णयाने मोडीच्या वाटेला लागले. अशा वेळी हाताशी असलेल्या स्वदेशी प्रणालीवर विसंबावे की नाही, याची कारकुनास खात्री नसावी, हे शोचनीय आहे.

प्रणाली उद्घाटनाने जगत नाही. नित्य दुरुस्तीने आणि रोजच्या वापराने जगते. केरळने शिक्षकांना तयार करून सरकारी शाळांत मुक्त प्रणाली रुजविली. आपल्या शासनाने निदान एका जिल्ह्याच्या कचेऱ्यांत ‘बॉस’ नेटाने चालवावी व तिच्या निगेसाठी कायम माणसे नेमावीत. शासन जी स्वतःच्या मेजावर ठेवीत नाही, ती शिक्षकाने वर्गात का न्यावी?