प्राणवायू कुठवर पोचतो?

मुलांनो, आमच्या चाकूरला नळाला पाणी आलं, की वरच्या गल्लीत हंडे भराभर भरतात आणि शेवटच्या गल्लीत नुसती बारीक धार! कर्करोगाच्या गाठीतही असंच होतं, फक्त पाण्याच्या जागी रक्त आणि रक्तातला प्राणवायू. गाठ घाईघाईनं, वेडीवाकडी वाढते. रक्तवाहिन्या तिला पुऱ्या पडत नाहीत. केशवाहिनीपासून मिलिमीटरचा पाचवा हिस्सा दूर गेलं, की प्राणवायू संपलाच म्हणून समजा. इंग्लंडमधल्या टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहून 1955 साली मांडलं.

तुम्ही म्हणाल, बरंच झालं की! उपाशी पेशी मरतील. काही मरतात. पण काही चिवटपणे तग धरतात आणि त्याच पुढे त्रास देतात. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग वाढलेला असला, तर त्यावर किरणांचा उपचार करतात. (यात लाजण्यासारखं काही नाही हं, शरीराचाच एक भाग आहे.) किरण पेशीतल्या डीएनएला इजा करतात. जवळ प्राणवायू असला तर ती इजा पक्की होते. नसला तर पेशी ती दुरुस्त करून घेते. अशा पेशी मारायला जवळजवळ तिप्पट किरण लागतात, आणि तेवढे द्यावेत तर शेजारचं मूत्राशय नि आतडं भाजून निघेल.

मग प्राणवायू नेमका कुठे कमी आहे, हे कळायचं कसं? 1990 च्या दशकात जर्मनीतल्या माइन्झच्या डॉक्टरांनी गाठीत बारीक सुई घालून तो मोजला. पण सुई जिथं जाते तिथलंच सांगते! एमआरआय मात्र सबंध गाठ दाखवतो. हे यंत्र म्हणजे मोठं चुंबकच. प्राणवायू असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन चुंबकाजवळ वेगवेगळं वागतं. म्हणून रुग्णाला थोडा वेळ शुद्ध प्राणवायू हुंगायला देऊन आधीची आणि नंतरची चित्रं ताडून पाहतात. मला स्वतःला पेट स्कॅनची युक्ती जास्त आवडते. त्यात एक किंचित किरणोत्सारी औषध टोचतात. प्राणवायू कमी असलेल्या पेशींत ते अडकून बसतं, इतर पेशींतून निघून जातं, आणि उपाशी जागा चित्रात उजळून दिसते. हे सारं अजून बहुतेक संशोधनातच आहे. रोजच्या उपचारात डॉक्टर रुग्णाचं हिमोग्लोबिन पाहतात आणि फार कमी असेल तर रक्त चढवतात.

गाठ होण्याआधीच रोगाचा माग लागला, तर ही शोधाशोध लागतच नाही. आणि हे आपल्या शेजारीच दिसून आलं बरं का! हा रोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयानं आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयानं 1999 पासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत 1,31,746 बायकांचा अभ्यास केला. सगळ्या 30 ते 59 वर्षांच्या. 2009 साली निकाल छापून आला. ज्या गावांत विषाणूची तपासणी केली, आणि तीही एकदाच, तिथं या रोगानं दगावलेल्या बायका तपासणी न झालेल्या गावांच्या मानानं जवळजवळ निम्म्याच होत्या.