विमा डॉक्टरांचा, जोखीम रुग्णाची

२० डिसेंबर २०२३ रोजी लोकसभेत नव्या फौजदारी संहितांवर चर्चा झाली, तेव्हा विरोधी पक्षांचे बहुसंख्य सदस्य निलंबित होते. त्या सभागृहात गृहमंत्री अमित शहा यांनी उपचारांतील निष्काळजीपणाच्या गुन्ह्यातून डॉक्टरांना मुक्त करण्याची घोषणा केली. मंजूर झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ मात्र वेगळेच सांगते. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडल्यास इतरांना पाच वर्षांपर्यंत, तर उपचार करताना तसे घडल्यास नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कारावास. ही मर्यादा जुन्या दंडविधानातही होतीच. फरक एवढाच, की तेव्हा केवळ दंडावर सुटका शक्य होती. आता कारावासाच्या जोडीला दंडही आहे.

ग्राहक संरक्षण कायद्याच्या वेळीही असेच झाले होते. लोकसभेने डिसेंबर २०१८ मध्ये संमत केलेल्या विधेयकात ‘सेवे’च्या व्याख्येत आरोग्यसेवेचा स्पष्ट उल्लेख होता. ते विधेयक बारगळले आणि २०१९च्या विधेयकातून तो शब्द वगळण्यात आला. त्याच आधारावर डॉक्टर कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्याचा दावा झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये तो फेटाळला. शुल्क घेऊन केलेले उपचार ही ‘सेवा’च, हा १९९५च्या व्ही. पी. शांता खटल्यातील निर्णय आजही कायम आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या फेरविचाराची गरज नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. सारांश, संसदेने डॉक्टरांना अभय दिले नाही आणि रुग्णाला भरपाईची हमीही दिली नाही.

ही हमी का हवी, हे आकडेच सांगतात. मांडीचे हाड मोडलेल्या तरुणाच्या मृत्यूबद्दल पुण्यातील एका शल्यचिकित्सकाविरुद्ध झालेली तीन हजार रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये कायम केली होती. कोलकात्यातील चुकीच्या उपचारांनंतर १९९८ मध्ये मुंबईत दगावलेल्या महिलेच्या प्रकरणात २०१३ मध्ये हीच रक्कम व्याज वगळता ५ कोटी ९६ लाखांवर गेली. तिचा मोठा भाग रुग्णालयावर पडला. पण निकालासाठी पंधरा वर्षे लागली. एवढा भार तालुक्याच्या गावी दहा खाटांचे प्रसूतिगृह चालविणारा डॉक्टर उचलू शकत नाही आणि त्याच्याकडून तो वसूल होईल, अशी आशा रुग्णाच्या कुटुंबानेही बाळगू नये.

येथे व्यावसायिक दायित्व विम्याचा प्रश्न येतो. सरकारी विमा कंपन्या हा विमा वर्षानुवर्षे विकत आहेत. परंतु तो ऐच्छिक आहे आणि त्याच्या अटी बारकाईने वाचाव्यात अशा आहेत. साधारणपणे दावा दाखल होतो त्या दिवशी विमा चालू असावा लागतो. निवृत्तीनंतर हप्ता थांबला, की जुन्या शस्त्रक्रियेचा दावा डॉक्टरच्या खिशावर येतो. वकिलाचा खर्च बहुधा विम्याच्या रकमेतूनच वजा होतो. फौजदारी कृत्याला तर संरक्षणच नसते. मोटारीला तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. भोपाळनंतर संसदेने १९९१च्या कायद्याने घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांना विमा सक्तीचा केला आणि दोष सिद्ध होण्यापूर्वीच मदतीची सोय केली. शस्त्रक्रियागृहाला मात्र अशी सक्ती नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९च्या कायद्यातही नोंदणीसाठी ही अट नाही.

सक्ती केली, की हप्ता अखेर रुग्णाच्याच बिलात चढेल, हा आक्षेप खरा आहे. अमेरिकेतील विमा हप्त्यांच्या संकटातून कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये वेदनेबद्दलच्या भरपाईवरच मर्यादा घातली होती. पण दुसरा मार्गही आहे. न्यूझीलंडने १९७४ पासून दोष कोणाचा, हे न विचारता भरपाई देण्याची व्यवस्था चालविली आहे.

पैशाने पोलीस ठाणे मात्र थांबत नाही. सबळ कारण व तज्ज्ञाचे मत असल्याशिवाय डॉक्टरवर फौजदारी कारवाई नको, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात बजावले होते. तरीही मार्च २०२२ मध्ये राजस्थानातील दौसा जिल्ह्यात प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने महिला दगावताच पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदविला आणि डॉक्टर महिलेने आत्महत्या केली.

म्हणून नोंदणीच्या नूतनीकरणाला विम्याची अट घालावी, लहान गावांतील डॉक्टरांसाठी हप्त्यात सवलत ठेवावी आणि तज्ज्ञांच्या स्वतंत्र मंडळाच्या अहवालाविना गुन्हा नोंदवू नये. सर्वांना मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयातील रुग्ण तर ग्राहक कायद्याबाहेरच आहे. त्याच्यासाठी सरकारनेच भरपाई निधी उभारावा. सरकारी नोकरांचा उपचारखर्च सेवाशर्तीचा भाग म्हणून सरकार उचलते, तेव्हा त्यांना ग्राहकाचा हक्क मिळतो. हे संरक्षण त्यांना असावे आणि मजुराला नसावे, या विषमतेचे समर्थन कोणत्याही सभागृहात करता येणार नाही.