नावात ‘टेन’, टीम १८! अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी आपापल्या लीग सोडून का पळतायत आणि पुढे काय होणार?

अमेरिकेच्या कॉलेज स्पोर्ट्समध्ये ‘बिग टेन’ नावाची लीग आहे. तिच्यात युनिव्हर्सिटी किती? तर १८. दुसरी ‘बिग ट्वेल्व्ह’ नावाची आहे, तिच्यात १६. तिसरी ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’, म्हणजे एसीसी. या अटलांटिक किनाऱ्याच्या लीगमध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड आणि बर्कली आहेत. त्यांच्या शेजारचा समुद्र पॅसिफिक. अटलांटिक बघायचा तर चार हजार किलोमीटर उडत जावं लागतं.

गणित आणि भूगोल एकाच वेळी एवढे कसे गंडले? एका शब्दात सांगायचं तर टीव्हीमुळे.

आपल्याकडची पोरं एमएसला जातात म्हणून यूएससी, ॲरिझोना स्टेट, रटगर्स ही नावं आपल्या कानावर असतात. पण अमेरिकेतल्या सर्वसामान्य माणसाला ही नावं माहिती असतात ती फुटबॉलमुळे. हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू बगलेत मारून पळायचा तो अमेरिकन फुटबॉल. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमची क्षमता एक लाखाच्या वर आहे आणि ते भरतं. अनेक राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी कर्मचारी गव्हर्नर नसतो, सरकारी युनिव्हर्सिटीचा फुटबॉल कोच असतो.

आता कॉन्फरन्स म्हणजे काय, तर जवळपासच्या युनिव्हर्सिटींचा गट. दरवर्षी एकमेकांशी खेळायचं आणि पैसे वाटून घ्यायचे, एवढा साधा विषय. बसने जाऊन रात्री हॉस्टेलवर परत येता यावं, हा सुरुवातीचा हिशोब. बिग टेनची सुरुवात १८९६ ची, म्हणजे विमानाचा शोध लागायच्या आधीची.

या हिशोबाला पहिला धक्का बसला १९८४ मध्ये. तोपर्यंत कॉलेज फुटबॉलचे कोणते सामने टीव्हीवर दाखवायचे हे एनसीएए ही देशपातळीवरची संघटना ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया युनिव्हर्सिटी कोर्टात गेल्या आणि सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की ही मक्तेदारी बेकायदा आहे. टीव्हीचे हक्क युनिव्हर्सिटी आणि कॉन्फरन्सच्या हातात आले. त्या दिवसापासून कोण कुणाचा शेजारी आहे यापेक्षा कुणाचा सामना किती लोक बघतात याला भाव आला. २०१४ मध्ये मेरीलँड आणि रटगर्स बिग टेनमध्ये गेल्या, त्याही मैदानावरच्या पराक्रमामुळे नाही. एक वॉशिंग्टन शहराजवळ, दुसरी न्यूयॉर्कजवळ. तिथल्या केबल असलेल्या घरांचा आकडा मोठा होता, बस्स.

मग आलं २०२१. टेक्सस आणि ओक्लाहोमा या दोन तगड्या युनिव्हर्सिटींनी बिग ट्वेल्व्ह सोडून एसईसी ही दक्षिणेकडची लीग धरली. वर्षभरात बिग टेनने उत्तर दिलं. ३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए पॅक-१२ सोडून बिग टेनकडे निघाल्या. त्याच ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीसोबत सात वर्षांसाठी ७०० कोटी डॉलरच्या वरचा करार केला. रुपयांत साधारण ६० हजार कोटी. हे सगळं कॉलेजच्या खेळासाठी!

इथून पॅक-१२ ची जी वाताहत झाली ती सविस्तर बघायला हवी, कारण पुढे काय होऊ शकतं याचा नमुना तिथेच आहे.

१९१५ पासूनची परंपरा सांगणारी ही पश्चिम किनाऱ्याची लीग. ५०० च्या वर राष्ट्रीय विजेतेपदं तिच्या नावावर. पण लॉस एंजेलिसच्या दोन टीम गेल्यावर तिचा टीव्हीच्या बाजारातला भाव पडला. अमेरिकन माध्यमांनी दिलेल्या बातम्यांनुसार, ईएसपीएनने प्रत्येक युनिव्हर्सिटीला वर्षाला साधारण ३ कोटी डॉलर देऊ केले होते आणि पॅक-१२ ची मंडळी ५ कोटींवर अडून बसली. दरम्यान बिग ट्वेल्व्हने गुपचूप रांग मोडली आणि ईएसपीएन-फॉक्सकडून प्रत्येकी ३ कोटी १७ लाखांच्या आसपासचा करार खिशात घातला. वाटाघाटीत जास्त ताणलं की तुटतं, तसं झालं. पॅक-१२ च्या हातात शेवटी उरला ॲपलच्या स्ट्रीमिंगचा प्रस्ताव, ज्यात खरे पैसे किती मिळणार हे सबस्क्रिप्शन किती खपतात यावर होतं.

४ ऑगस्ट २०२३ च्या सकाळी या करारावर सह्या होतील अशी आशा होती. संध्याकाळपर्यंत पाच युनिव्हर्सिटी गेलेल्या होत्या. ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हकडे. कोलोरॅडो आठवडाभर आधीच गेली होती. सप्टेंबरमध्ये स्टॅनफर्ड आणि बर्कलीने एसीसी गाठली, तेही कमी वाटा घेऊन. त्यांच्यासोबत एसीसीत गेलेल्या डॅलसच्या एसएमयूने तर नऊ वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटाच घेणार नाही असं कबूल केलं. जागा मिळाली हेच खूप.

मागे राहिल्या दोनच, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. दुसरी आहे पुलमन नावाच्या, गव्हाच्या शेतांनी वेढलेल्या छोट्या गावात. संघ वाईट नव्हता, गर्दी कमी नव्हती. मोठ्या शहराचा टीव्ही बाजार तेवढा नव्हता.

यातला सगळ्यात गमतीशीर भाग यूसीएलए आणि बर्कलीचा. दोन्ही एकाच सरकारी संस्थेच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या. एका लेकीने मोठं घर पकडलं, दुसरी उघड्यावर आली. मग आईने न्याय केला: यूसीएलएने बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर द्यायचे. तिकडच्या लोकांनी याला घटस्फोटाच्या पोटगीवरून नाव ठेवलंय.

बरं, पैसे मिळाले तर बिघडलं काय? बिघडलं ते फुटबॉल न खेळणाऱ्यांचं. फुटबॉलची टीम आठवड्याला एक सामना खेळते आणि चार्टर विमानाने जाते. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, बेसबॉल, टेनिस यांचे सामने कितीतरी जास्त, आणि तेही आठवड्याच्या मधल्या वारी. स्टॅनफर्डच्या मुलीला बॉस्टनला खेळायचं तर चार हजारांवर किलोमीटर आणि घड्याळात तीन तासांचा फरक. लेक्चर बुडालं, परीक्षा विमानात, झोप कुठेच नाही. या मुलींनी ना टीव्हीचा करार केला, ना त्यातला मोठा वाटा त्यांना मिळतो.

स्टॅनफर्डचंच उदाहरण का? कारण २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये या एका युनिव्हर्सिटीशी जोडलेल्या खेळाडूंनी ३९ पदकं जिंकली. आपल्या अख्ख्या देशाला ६ मिळाली. याच स्टॅनफर्डने २०२० मध्ये खर्च झेपत नाही म्हणून ११ खेळ बंद करायची घोषणा केली होती, ती आरडाओरडा झाल्यावर मागे घेतली.

खर्चाचा ताण आता आणखी वाढलाय. जून २०२५ मध्ये ‘हाऊस’ खटल्यातली तडजोड कोर्टाने मान्य केली. त्यानुसार जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई मिळणार आणि १ जुलै २०२५ पासून प्रत्येक युनिव्हर्सिटी आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकते. पहिल्या वर्षाची मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. हे व्हायलाच हवं होतं, इतकी वर्षं पोरांच्या जिवावर कोच आणि चॅनेल गब्बर झाले. पण आता टीव्हीचा मोठा चेक असल्याशिवाय चांगले खेळाडू टिकवणंही अवघड झालंय. म्हणजे पळायचं कारण कमी झालं नाही, वाढलं.

तर पुढचा भूकंप कधी? माझ्या मते २०३० आणि २०३१ या दोन वर्षांवर खूण करून ठेवा. बिग टेनचा टीव्ही करार २०३० मध्ये संपतो, बिग ट्वेल्व्हचा त्याच्या पुढच्या वर्षी. त्याच सुमारास एसीसीचं दारही सैल होतंय. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांनी एसीसीवर खटले भरले होते. मार्च २०२५ मध्ये समझोता झाला. त्यात लीग सोडायची किंमत दरवर्षी उतरत जाते, साडेसोळा कोटी डॉलरवरून २०३०-३१ मध्ये साडेसात कोटींपर्यंत. खटला मिटला असं म्हणतात खरं, पण प्रत्यक्षात निघायची तारीख ठरलीय. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन हलल्या तर बाकीची एसीसी पॅक-१२ च्याच वाटेवर जाईल.

शिकार करणारे दोघंच, बिग टेन आणि एसईसी. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफच्या नव्या करारात ईएसपीएन सहा वर्षांचे ७८० कोटी डॉलर देणार आहे आणि २०२६ पासून त्यातला प्रत्येकी सुमारे २९ टक्के वाटा या दोघांचा. उरलेल्या सगळ्या देशाने ४२ टक्क्यांत भागवायचं. २०२५ मध्ये तर दोघांना प्लेऑफच्या चार-चार जागा आधीच राखून ठेवा, अशी मागणी बिग टेनने रेटली होती.

यावर एक शहाणपणाचा उपाय सुचवला जातोय. १९६१ च्या कायद्याने व्यावसायिक लीगना सगळ्या टीमचे टीव्ही हक्क एकत्र विकायची सूट मिळाली, कॉलेजना ती नाही. ती द्या, म्हणजे सगळे मिळून विकतील आणि पळापळीचं कारणच राहणार नाही. वॉशिंग्टन राज्याच्या सेनेटर मारिया कँटवेल यांनी २०२५ मध्ये तसं विधेयक आणलं. अर्थातच बिग टेन आणि एसईसीला हे नको आहे. ५८ टक्के खाणारा माणूस पंगतीत समान वाढा म्हणेल कशाला?

पण मला त्याहून बोलकी वाटते ती बिग टेनच्या घरातली भानगड. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या गुंतवणूक निधीने (हो, तीच यूसीएलएची आई) २०२५ मध्ये या लीगच्या धंद्यात १० टक्के हिश्शासाठी २४० कोटी डॉलर देऊ केले. अट अशी की सगळ्यांनी २०४६ पर्यंत एकत्र राहायचं. मिशिगन आणि यूएससीने विरोध केला आणि विषय अडला. समोर एवढा पैसा असताना मोठ्या टीमना बांधून घ्यायचं नसेल, तर त्यांच्या डोक्यात पुढचं काहीतरी चाललंय. तीस-चाळीस बड्या टीमची फुटबॉलपुरती वेगळी सुपर लीग ही कल्पना म्हणूनच आता चेष्टेत काढता येत नाही.

मला विचाराल तर बाकीच्या खेळाडूंसाठी ते वाईट नाही. फुटबॉलला त्याच्या मार्गाने जाऊ द्या आणि उरलेल्यांना घरी परत आणा. दरम्यान पॅक-१२ जुलै २०२६ पासून नव्याने उभी राहतेय आणि त्यासाठी तिने शेजारच्या माउंटन वेस्ट लीगच्या पाच युनिव्हर्सिटी फोडल्या. मार खाल्लेल्यानेच दुसऱ्याचं घर मोडलं.

कॅलिफोर्नियात एक खेळ मात्र या सगळ्यातून सुटलाय, पुरुषांचा वॉटर पोलो. बिग टेन आणि एसीसीमध्ये तो खेळवलाच जात नाही, टीव्हीला त्यात पैसा दिसत नाही. त्यामुळे यूएससी, यूसीएलए, स्टॅनफर्ड आणि बर्कली या चारही टीम आजही त्यांच्या जुन्या पश्चिमेकडच्या लीगमध्ये एकमेकांशी खेळतात.