दोन वृत्तींचा तग

दर गुरुवारी दुपारी पारशिवनीच्या आमच्या महाविद्यालयात, मराठी विभागाच्या खोलीत, एका स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या जातात. ही भिशी नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे; काही सहकाऱ्यांचा तसा समज झाला होता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आम्ही विद्यार्थ्यांसह मराठीत खेळतो. एकाने कथा सांगायची, इतरांनी एकेक पात्र होऊन त्या कथेत वावरायचे आणि जिथे घटनेचा निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकायचे, असा हा खेळ. त्याला चार, सहा, आठ, दहा अशा निरनिराळ्या पैलूंचे फासे लागतात. ते इथल्या बाजारात मिळत नाहीत, म्हणून चिठ्ठ्या. निवेदक, दृष्टिकोन, पात्ररचना या संज्ञा फळ्यावर लिहून जितक्या कळतात त्याहून या डब्यापाशी अधिक कळतात, असा आमचा अनुभव आहे. पण या लेखाचा विषय तो नाही. विषय आहे एक हिशेब, आणि त्या हिशेबावरून विभागात झालेला वाद.

खेळातल्या प्रत्येक पात्राला 'हिट पॉइंट' असतात. घाव बसला की ते कमी होतात. शून्यावर आले की पात्र कोसळते. याला मराठीत काय म्हणावे? 'प्राणांक' सुचला, 'जीव' सुचला. दोन्ही आम्ही नाकारले. अमेरिकन यादवी युद्धातील चिलखती जहाजांच्या एका खेळासाठी पूर्वी केलेल्या नियमांतून ही कल्पना आपण घेतली, असे अर्नेसन यांनी सांगितले होते. जहाजाला इतके गोळे लागले की ते बुडते, हे समजण्यासारखे आहे. माणसाचे तसे नसते. १९७९ च्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथात गायगॅक्स यांनीच खुलासा केला, की हे गुण म्हणजे केवळ रक्तमांस नव्हे. घाव चुकवण्याचे कौशल्य, नशीब, दैवी कृपा हे सारे त्यात आले. आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द पूर्वीपासून आहे: तग. पीक तग धरते, आजारी माणूस तग धरतो, भांडवल नसलेले नियतकालिकही काही अंक तग धरते. आम्ही 'तग' स्वीकारला.

'क्लास'साठी मात्र भांडण झाले. योद्धा, मांत्रिक, पुरोहित, चोर असे पात्राचे प्रकार या खेळात असतात. एका विद्यार्थ्याने सहजपणे 'वर्ण' हा शब्द सुचवला आणि खोलीत क्षणभर कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरून उत्तर आले, की इथे खेळणारा आपला प्रकार स्वतः निवडतो, वर्ण कोणी निवडला होता? शब्द तिथेच बाद झाला. आम्ही 'वृत्ती' ठरवला; उपजीविका आणि स्वभाव असे दोन्ही अर्थ त्यात नांदतात.

आता हिशेब. एकाच पात्राने दोन वृत्ती धरल्या, तर त्याचा तग किती मानावा? १९७८ च्या नियमग्रंथाचे उत्तर असे: दोन्ही वृत्तींचे फासे टाका, बेरीज करा आणि दोनाने भागा. योद्ध्याचा फासा दहा पैलूंचा, मांत्रिकाचा चार पैलूंचा. चिठ्ठ्यांत अनुक्रमे आठ आणि दोन आले, तर बेरीज दहा, तग पाच. म्हणजे आपल्यातल्या निव्वळ योद्ध्यापेक्षा तो तीन गुणांनी दुबळा.

आम्ही द्रोणाचार्यांचे उदाहरण घेतले होते. भरद्वाजाचा पुत्र, अग्निवेश्याकडून अस्त्रविद्या शिकलेला, परशुरामाकडून अस्त्रे मिळवलेला. दोन वृत्तींचे याहून चांगले पात्र कुठे मिळणार? द्रोणांचा तग अर्ध्यावर आला तेव्हा शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी उठला. हा सकाळी बापासोबत कपाशीत असतो, अकराला वर्गात येतो. तो म्हणाला, "सर, मानूस दोन कामं करते तं त्याचा जीव अर्धा काहून करता?"

आम्ही दोघेही चाळिशी ओलांडलेले, मराठीचे एम. ए. आणि उत्तरे तयार ठेवण्याची सवय असलेले. त्या दिवशी आम्ही तांत्रिक उत्तर दिले. ते खोटे नव्हते. त्या नियमांत पात्राचे अनुभवगुणही दोन वृत्तींत सारखे वाटले जातात; पण पुढची पायरी गाठायला आधीच्या साधारण दुप्पट अनुभव लागत असल्याने, निम्मा अनुभव मिळूनही पात्र फार मागे पडत नाही. बारा हजार अनुभवगुणांत निव्वळ योद्धा चौथ्या पायरीवर असतो. तेच गुण वाटून घेणारा योद्धा-मांत्रिक दोन्हींत तिसऱ्या पायरीवर पोहोचतो. दहा पैलूंच्या फाशाची सरासरी साडेपाच, चारच्या फाशाची अडीच. त्या हिशेबाने पहिल्याचा तग बावीस. दुसऱ्याची नुसती बेरीज केली तर चोवीस, म्हणजे मंत्रविद्या पदरात पडूनही तो योद्ध्याहून दणकट! भागाकार केला की बारा. दुहेरी सामर्थ्याची किंमत कुठेतरी मोजून घ्यायची होती, ती तगातून घेतली. खेळ म्हणून हा न्याय पटतो.

पण त्या मुलाचा प्रश्न खेळाविषयी नव्हता, हे आम्हांला घरी जाताना कळले. आणि हेही कळले, की आमची समीक्षा नेमका हाच भागाकार करत आली आहे. 'गोलपिठा' १९७२ चा, दलित पँथरची स्थापनाही १९७२ ची. नामदेव ढसाळांच्या दोन्ही वृत्ती एकाच वर्षी, एकाच देहात ठामपणे उभ्या आहेत. आणि आपण वर्गात काय सांगतो? चळवळीमुळे कवीचे नुकसान झाले का, यावर टीप लिहा. अण्णा भाऊ साठे शाहीर की कादंबरीकार, हा प्रश्नही त्याच जातीचा. 'फकिरा'च्या भाषेतला शाहिरी श्वास म्हणजे कादंबरीतून वजा झालेले काहीतरी, असे आपण नकळत धरून चालतो. असे प्रश्न आम्हीही काढले आहेत, ही कबुली देऊन ठेवतो.

या खेळाने स्वतःचा हिशेब पुढे बदलला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत भागाकार गेला. प्रत्येक पायरीला पात्राने कोणती वृत्ती पुढे नेली ते पाहायचे, त्या वृत्तीचा फासा टाकायचा आणि आलेला आकडा आधीच्या तगात मिळवायचा. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हेच तत्त्व आहे. फासा नको असेल तर ठरलेले आकडे घेता येतात: योद्ध्याला सहा, मांत्रिकाला चार. मात्र पहिल्या पायरीला फाशाचा सर्वांत मोठा आकडा पूर्ण मिळतो, योद्ध्याला दहा, मांत्रिकाला सहा. या नियमातली गंमत साहित्याच्या माणसाच्या लक्षात लगेच यावी. तीन पायऱ्या योद्धा आणि तीन पायऱ्या मांत्रिक असलेले पात्र घ्या. शरीरप्रकृतीचे जादा गुण बाजूला ठेवले, तर सुरुवात योद्धा म्हणून केलेल्याचा तग चौतीस, मांत्रिक म्हणून केलेल्याचा बत्तीस. वृत्ती त्याच, पायऱ्या त्याच, पण आरंभ कुठून झाला याचा दोन गुणांचा ठसा शेवटपर्यंत राहतो. जुना नियम पात्राकडे मिश्रण म्हणून पाहतो, नवा चरित्र म्हणून. आमच्या मते कादंबरीतील पात्राला नवा हिशेबच लागू पडतो. पात्र म्हणजे गुणांची सरासरी नव्हे. ज्या क्रमाने गोष्टी घडल्या तो क्रम म्हणजे पात्र.

जुन्या नियमांत सगळेच टाकाऊ होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्यांत मानवी पात्राला एकाच वेळी दोन वृत्ती धरता येत नसत. पहिली थांबवून दुसरी घ्यावी लागे. नवी वृत्ती जुनीच्या पायरीपलीकडे जाईपर्यंत तगात एका गुणाचीही भर नाही. आणि त्या काळात एखाद्या साहसात जुनी विद्या वापरली, तर त्या साहसाचा अनुभव गेला. हे वाचताना आम्हांला विश्वामित्र आठवले. राज्य सोडून तपाला बसलेला हा क्षत्रिय, रंभेला शाप देताना जुना क्रोध उसळला आणि साठवलेले तप गेले. अमेरिकेतल्या नियमकर्त्यांच्या मनात बालकांड असण्याचे कारण नाही, पण नियम तंतोतंत बसतो. महाकाव्याला तो शोभतो.

त्याच ग्रंथात दुसरीही एक गोष्ट आहे. दोन वृत्ती एकत्र धरण्याची मुभा एल्फ, बुटके अशा मानवेतर कुळांना होती, पण कोणत्या कुळाने कोणत्या वृत्ती घ्याव्यात आणि बहुतेक वृत्तींत किती पायऱ्या चढाव्यात, हे जन्माने ठरलेले होते. बुटक्याला मांत्रिक होता येत नसे. म्हणजे 'वर्ण' हा शब्द सुचवणारा विद्यार्थी १९७८ पुरता अगदीच चुकला नव्हता. हे निर्बंध २००० मध्ये उठले. २०२४ च्या ग्रंथात तर कुळासाठीचा 'रेस' हा शब्दही जाऊन 'स्पीशीज' आला. एल्फांच्या जन्मसिद्ध मर्यादांविषयी वाचताना आमच्या वर्गाला कर्ण आठवला, विद्येसाठी परशुरामापुढे ब्राह्मण म्हणून उभा राहिलेला. कर्णाचा तग कोणत्या आवृत्तीने मोजायचा यावर एक पूर्ण गुरुवार गेला. जुन्या नियमाने त्याला दुसरी वृत्ती मिळत नाही. नव्याने मिळते, पण मग शाप कुठे नोंदवायचा? अनुभवगुणांत त्याला जागा नाही.

द्रोणांचा हिशेब आम्ही पुन्हा केला. पहिली पायरी आश्रमाची की शस्त्राची यावर मते विभागली गेली, शेवटी आश्रमाची ठरली आणि तग बत्तीस भरला. कपाशीतून येणाऱ्या त्या विद्यार्थ्याने तो वहीत लिहून घेतला, आणि पुढच्या गुरुवारी आपण येणार नाही, वेचणी आहे, असे सांगून तो गेला. त्याचे पात्र त्या दिवशी कोणी खेळवायचे, हे अजून ठरलेले नाही.