कोल्हा माझा, रेघ कुणाची?

टोकदार कान, अंगात डेनिम जॅकेट, गळ्यात हेडफोन आणि चेहरा कोल्ह्याचा. असं एखादं चित्र कॉलेजच्या आर्ट ग्रुपवर पडतं. खाली लिहिलेलं असतं, 'माझं नवीन कॅरेक्टर, बिनधास्त सांगा कसं वाटतंय.' मग 'एक नंबर भावा' सुरू होतं, इमोजींचा पाऊस पडतो आणि मधेच कुणीतरी टाकतं, 'हात गंडलाय राव.' आता गंमत बघा. तो हात ज्याने काढला, तो तिथे नसतोच. पोस्ट करणाऱ्याने चित्र पैसे देऊन काढून घेतलेलं असतं. ह्यालाच कमिशन म्हणतात. (दलालीवालं कमिशन नव्हे!)

माणसासारखे बोलणारे-चालणारे प्राणी आपल्याला नवे नाहीत. पंचतंत्रातले करटक-दमनक आहेत, 'टिंकल'मधला कालिया कावळा आहे. अमेरिकेतल्या फरी फॅन्डमने त्यात स्वतःला घातलं. आपलं प्राणीरूप, म्हणजे 'फर्सोना', कल्पायचं, त्याची रंग-ठिपक्यांसकट रेफरन्स शीट बनवायची आणि आवडत्या चित्रकाराकडून चित्र काढून घ्यायचं. आपल्याकडेही ही हौस असणारे आहेत आणि अशी कामं घेऊन पॉकेटमनी कमावणारी आर्टची मुलंही आहेत. 'हे काय प्राणी-बिणी' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना सोडून देऊ.

माझं म्हणणं एवढंच, की अशा चित्रात दोन माणसांचं काम असतं आणि टीका करताना आपण त्यांची खिचडी करतो. कोल्हाच का, जॅकेट निळंच का, शेपटीचं टोक पांढरं का, हे ठरवतो कॅरेक्टरचा मालक. जबडा तीन-चतुर्थांश कोनातून नीट वळलाय का, शेपूट कण्याच्या टोकातून निघते की पाठीला चिकटवल्यासारखी दिसते, हे चित्रकाराचं. पायांचंच घ्या. कुत्रा, मांजर, कोल्हा बोटांवर चालतात. त्यांच्या मागच्या पायात आपल्याला जो 'उलटा गुडघा' दिसतो, ती खरं तर टाच असते. गुडघा वर, पोटाजवळ असतो. अस्वल मात्र आपल्यासारखं पूर्ण पाऊल टेकवतं. त्यामुळे कोल्ह्याला माणसाचे पाय दिले तर ती चूक असेलच असं नाही, शीटमध्ये तसंच मागितलेलं असू शकतं. आधी विचारा, मग बोला. 'पाय विचित्र दिसतायत' ह्या वाक्याने दोघांपैकी कुणाचंच भलं होत नाही.

आणि वेळ! डिजिटल चित्र टप्प्याटप्प्याने होतं: स्केच, लाइनआर्ट, सपाट रंग, मग शेडिंग. स्केचमध्ये खांदा सरकवणं म्हणजे काही मिनिटांचं काम. शेडिंग झाल्यावर तोच खांदा हलवायचा तर वरचे सगळे लेअर पुन्हा करावे लागतात. ग्रुपवर मत मागायचं तर स्केच आल्यावर मागा, तेही चित्रकाराला विचारून. फायनल फाइल हातात आल्यावर शंभर जणांची मतं गोळा करून 'एवढं जरा बदलून दे ना' म्हणणं हे फुकटात राबवून घेणं आहे. स्पष्टच बोलतो.

दुसऱ्याच्या चित्रावर लाल रेघा मारून 'असं हवं होतं' दाखवायची एक पद्धत आहे. शिकायला ती भारी आहे, पण काढणाऱ्याने मागितली तरच. 'पैसे दिलेत, चित्र माझं' हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ सांगतं, की वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगचा पहिला कॉपीराइट काढून घेणाऱ्याचा. पण कलम ५७ प्रमाणे 'हे मी काढलंय' म्हणण्याचा आणि आपल्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड थांबवण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. चित्रकार किंवा गिऱ्हाईक अमेरिकेतलं असेल तर अजून जपून. तिथे लेखी करार नसेल तर कॉपीराइट सहसा चित्रकाराचाच असतो.

म्हणून पोस्ट टाकताना नाव टाका. कॅरेक्टर कुणाचं, चित्र कुणाचं. काम पूर्ण झालं असेल तर तसं सरळ लिहा, 'फायनल आहे, पुढच्या शीटसाठी सुचवा.' मग बोटं मोजण्याऐवजी लोक डिझाइनवर बोलतील. त्या कोल्ह्याच्या केशरी अंगावर निळं जॅकेट एवढं का उठून दिसतं, ह्यावरही कुणीतरी चार वाक्यं लिहील.