नव्या वैमानिकापुढील पेच

वैमानिक होणे ही एकेकाळी संस्थानिकांच्या, धनिकांच्या आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलांची मिरास मानली जात असे. आज तसे राहिलेले नाही. जिल्ह्याच्या गावी शाळेत शिकविणाऱ्या, बँकेत किंवा कचेरीत खर्डेघाशी करणाऱ्या माणसाच्या घरातही हे स्वप्न पाहिले जाऊ लागले आहे. भविष्यनिर्वाह निधी, राहते घर आणि बँकेचे कर्ज हे सारे पणाला लावून ते पुरे करण्याची धडपड चालू आहे. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविण्याचा खर्च आज अर्ध्या कोटीच्या घरात, किंबहुना त्याहूनही पुढे गेला आहे. परवाना हाती आला म्हणजे गड सर झाला अशी घरच्यांची समजूत असते. वस्तुतः खरा पेच तेथूनच सुरू होतो.

हा पेच समजून घेण्यासाठी एकच आकडा पुरेसा आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२३ या एका वर्षात १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. यातील प्रत्येकाच्या गाठीशी दोनशे तासांच्या आसपास उड्डाणाचा अनुभव. आणि देशांतर्गत वाहतुकीचा फार मोठा हिस्सा तर इंडिगो आणि एअर इंडिया समूह या दोनच घराण्यांच्या हाती एकवटलेला. तेथे प्रवेश न मिळालेला किंवा वर्षानुवर्षे वाट पाहण्याची ऐपत नसलेला तरुण साहजिकच छोट्या, प्रादेशिक विमान कंपन्यांकडे वळतो. त्यांतली कोणती निवडावी? प्रश्न वरकरणी व्यक्तिगत दिसतो, पण त्यात सार्वजनिक धोरणाचा मोठा भाग दडलेला आहे.

प्रथम आपल्यापुढे कोणते पर्याय आहेत ते पाहू. अलायन्स एअर ही सरकारी कंपनी. १९९६ मध्ये इंडियन एअरलाइन्सची उपकंपनी म्हणून ती निघाली आणि एअर इंडिया टाटांकडे गेल्यावर २०२२ पासून वेगळी झाली. तिची भिस्त एटीआर या पंख्याच्या विमानांवर आहे. ईशान्येकडील छोट्या धावपट्ट्यांसाठी भारतात बांधलेले डॉर्नियरही तिने २०२२ मध्ये सेवेत आणले. कोल्हापूरकडच्या घोडावत उद्योगसमूहाची स्टार एअर २०१९ च्या जानेवारीत सुरू झाली. तिची विमाने ब्राझीलच्या एम्ब्राएर कंपनीची, जेट जातीची. गोव्यातील मोपा विमानतळ हे ठाणे मानून फ्लाय नाइन्टीवन २०२४ च्या मार्चमध्ये उडू लागली आणि सिंधुदुर्ग, जळगाव, सोलापूर अशी आपली गावे तिने जोडली. तिचीही विमाने एटीआरच. इंडियावन एअरने २०२२ मध्ये ओडिशात एक इंजिनाची, नऊ प्रवाशांची सेसना विमाने घेऊन सुरुवात केली.

नवशिक्याची नजर स्वाभाविकपणे जेटकडे जाते. त्याचा वेग अधिक, त्याचा तोरा अधिक. परंतु येथे एक व्यावहारिक भेद ध्यानात घ्यावयास हवा. वैमानिकाचा परवाना एक आणि विशिष्ट जातीचे विमान चालविण्याची अनुमती, म्हणजे टाइप रेटिंग, ही दुसरी गोष्ट. तिच्यासाठी वेगळे प्रशिक्षण आणि वेगळे लाखो रुपये लागतात. एटीआरची अनुमती असलेल्या वैमानिकाला अलायन्स, फ्लाय नाइन्टीवन आणि २०१७ पासून याच विमानांचा मोठा ताफा बाळगणारी इंडिगो अशी निदान तीन दारे ठोठावता येतात. एम्ब्राएरची नियमित प्रवासी सेवा मात्र देशात स्टार एअर वगळता कोणी चालवीत नाही. कंपनी सुस्थितीत आहे तोवर याने काही बिघडत नाही. पण उद्या काही अघटित घडलेच, तर त्या वैमानिकाला देशात दुसरे दार उघडे नाही, त्याची अनुमती निरुपयोगी ठरते. विमानाची निवड ही अशा प्रकारे पर्यायी नोकरीचीही निवड असते.

अघटित घडण्याची ही शंका निराधार नाही. आपल्याकडील प्रादेशिक विमानसेवेचा इतिहास हा बहुतांशी बालमृत्यूंचा इतिहास आहे. १९८१ मध्ये सरकारने मोठ्या उत्साहाने काढलेली वायुदूत नव्वदीच्या दशकात इंडियन एअरलाइन्सच्या पोटात गडप झाली. पॅरामाउंट २०१० मध्ये, एअर पेगासस जेमतेम सव्वा वर्षाच्या आयुष्यानंतर २०१६ मध्ये आणि एअर कोस्टा २०१७ मध्ये थांबली. जळगावकरांनी डिसेंबर २०१७ मध्ये ज्या एअर डेक्कनचे स्वागत केले, तिने एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात गाशा गुंडाळून कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर धाडले. नांदेडला हैदराबादशी जोडणारी ट्रूजेट २०२२ मध्ये बंद पडली. मोठेपणाही संरक्षण देतोच असे नाही, हे जेट एअरवेजने २०१९ मध्ये आणि गो फर्स्टने २०२३ मध्ये दाखवून दिले. पण छोट्यांची प्रकृती मुळातच नाजूक, हे नाकारण्यात अर्थ नाही.

याची कारणे उघड आहेत. विमाने भाड्याची, भाडे डॉलरमध्ये आणि तिकिटांचे उत्पन्न रुपयांत. इंधन महाग. विमाने मोजकी असल्यामुळे एक जरी दुरुस्तीसाठी जमिनीवर राहिले, तरी सारे वेळापत्रक कोसळते. २०१७ च्या एप्रिलपासून प्रत्यक्षात आलेल्या उडान योजनेने या कंपन्यांना अनुदानाचा आधार दिला खरा, पण तो एका मार्गावर तीन वर्षांपुरता. त्या आधाराचे फलित काय? महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालातील हिशेब बोलका आहे. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग वाटण्यात आले. त्यांतील ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांतील केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यांतले अवघे ५४ टिकून होते. अनुदान संपताच मार्ग आटतो, आणि मार्ग आटला की वैमानिकाचे उड्डाणाचे तासही आटतात.

आता या पार्श्वभूमीवर नोकरीच्या करारपत्राकडे पाहावे. नव्या सहवैमानिकाला प्रशिक्षण देण्याच्या बदल्यात काही वर्षे नोकरी न सोडण्याचा बाँड लिहून घेण्याची प्रथा या धंद्यात रूढ आहे. कंपनीची बाजू अगदीच लंगडी आहे असे नव्हे. तिने खर्च करून माणूस तयार करावा आणि मोठ्या कंपनीने तो सहा महिन्यांत उचलून न्यावा, हे तिला कसे परवडावे? वैमानिकाने राजीनाम्याची पूर्वसूचना किती काळ आधी द्यावी हेही महासंचालनालयाने २०१७ मध्ये ठरवून दिले : सहवैमानिकाने सहा महिने, कमांडरने एक वर्ष. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या खटल्यात, तीन वर्षे सेवा न केल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरविली. नोकरी चालू असतानाच्या काळातील अशी अट म्हणजे व्यवसायाला प्रतिबंध नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. तेव्हा बाँड हा नुसता कागद आहे, कोर्टात टिकत नाही, या ऐकीव सल्ल्यावर विसंबून कोणी सही करू नये.

परंतु बँकेचा बाँड आणि छोट्या विमान कंपनीचा बाँड यांत एक मूलभूत अंतर आहे. सरकारी बँक तीन वर्षे जगणार, हे अधिकाऱ्याने गृहीत धरावयास हरकत नसते. विमान कंपनीच्या बाबतीत मात्र कंपनीचे आयुष्य बाँडच्या मुदतीहून तोकडे ठरण्याचा संभव असतो. पगार थकला, विमाने जमिनीवर बसली, महिन्याला चार तासही उड्डाण मिळेना, तरी तरुण बांधलेलाच. आणि घरी कर्जाचे हप्ते मात्र महिन्याच्या महिन्याला वक्तशीर येतच राहतात.

मग छोट्या कंपनीकडे पाठच फिरवावी काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. विद्या म्हणून पाहिले तर नव्या वैमानिकाला याहून चांगली शाळा मिळणे कठीण. पल्ले छोटे असल्याने दिवसातून चार-पाचदा विमान चढवावे-उतरवावे लागते. उंची बेताची असल्याने ढगांच्या वरून निसटता येत नाही, पावसाळ्यातून वाट काढावी लागते. धावपट्टी आखूड, मार्गदर्शक यंत्रणा तुटपुंजी. तेथे हात आणि बुद्धी दोन्ही तयार होतात. एअरलाइनच्या कमांडरपदाचा परवाना मिळण्यास किमान पंधराशे तास लागतात आणि माणसे थोडी असलेल्या कंपनीत ती पायरी लवकर येण्याची शक्यताही असते. मात्र ही शाळा उत्तम ठरते ती शिकविणारे अनुभवी कमांडर तेथे असतील आणि विमाने खरोखर उडत असतील तरच.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव उद्बोधक आहे, कारण तेथे प्रादेशिक कंपनी ही नव्या वैमानिकाची परंपरागत पहिली पायरीच आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलो शहराजवळ कोलगन एअर या कंपनीचे विमान कोसळून ५० माणसे मृत्युमुखी पडली. विमानावर नाव होते मोठ्या कॉन्टिनेन्टल कंपनीचे. ते चालवीत होती छोटी कोलगन. चौकशीत वैमानिकांचे तुटपुंजे वेतन, थकवा आणि प्रशिक्षणातील उणिवा यांची जाहीर चर्चा झाली. सहवैमानिक तरुणी देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. या अपघातानंतर अमेरिकन काँग्रेसने २०१० मध्ये कायदा केला, आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही साधारणतः पंधराशे तासांची अट लागू झाली. गंमत अशी, की त्या विमानातील दोन्ही वैमानिकांचे तास पंधराशेहून बरेच अधिक होते. नुसत्या तासांची बेरीज म्हणजे शिक्षण नव्हे, हा त्यातला धडा.

त्याच कायद्याचे दुसरे अंग आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. कमांडर पूर्वी काही चाचण्यांत नापास झाला होता आणि ते सारे कंपनीला ठाऊक नव्हते, असे आढळले. म्हणून वैमानिकांच्या नोंदींचे एक मध्यवर्ती दप्तर उभारण्याचा आदेश देण्यात आला व त्याचे अंतिम नियम २०२१ मध्ये आले. कंपनीला वैमानिकाचा पूर्वेतिहास कळावा, हे योग्यच. पण वैमानिकाला कंपनीचा पूर्वेतिहास कोणी सांगावयाचा? किती विमाने प्रत्यक्ष उडतात, सहवैमानिकाला महिन्याकाठी सरासरी किती तास मिळतात, किती जण कमांडर झाले, पगार वेळेवर होतो की नाही, या प्रश्नांची उत्तरे आज केवळ ओळखीपाळखीतून मिळतात. ज्याचा काका किंवा मामा या धंद्यात आहे त्याला ती मिळतात. नांदेडच्या मास्तरांच्या मुलीला ती कोठून मिळणार? निवडीचे स्वातंत्र्य आहे, पण निवडण्यास लागणारी माहिती नाही. अशा स्वातंत्र्याला नशिबाचा खेळ यापलीकडे काय म्हणावे?

यावर उपाय अशक्य नाही, आणि त्याची पहिली पायरी महासंचालनालयाने स्वतःच बांधली आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याने देशातील उड्डाण प्रशिक्षण संस्थांची पहिली क्रमवारी जाहीर केली, तेव्हा सर्वोच्च दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. कटू का होईना, पण पालकांच्या हाती एक मोजमाप आले. हेच मोजमाप प्रादेशिक कंपन्यांच्या वैमानिक प्रशिक्षणाला का लावू नये? ज्या कंपन्या मार्गांसाठी सार्वजनिक योजनेतून अनुदान घेतात, त्यांच्यावर तरी वरील माहिती दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करण्याची अट घालणे न्याय्य ठरेल. बाँडची रक्कम प्रशिक्षणाच्या प्रत्यक्ष खर्चाइतकीच असावी, केलेल्या सेवेच्या प्रमाणात ती घटत जावी, आणि ठरावीक काळ पगार थकल्यास किंवा उड्डाणे थांबल्यास बाँड आपोआप रद्द व्हावा, एवढे तीन नियमही पुरेसे आहेत. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात उडान योजनेतून दहा वर्षांत आणखी १२० ठिकाणे जोडण्याची घोषणा झाली आहे. ही विमाने चालविणार कोण, आणि कोणत्या अटींवर, याचा विचार घोषणेबरोबरच व्हावयास हवा होता. नियोजनात वैमानिकांचा हिशेब चुकला म्हणजे काय होते, हे डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली तेव्हा साऱ्या देशाने पाहिले आहे.

तोपर्यंत तरुणांनी आणि त्यांच्या पालकांनी काय करावे? पहिल्या पगाराचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. आधी विमानाची जात पाहावी आणि तिला देशात दुसरे गिऱ्हाईक आहे काय ते विचारावे. मग कंपनीत आज काम करणाऱ्या दोन-तीन सहवैमानिकांना गाठून गेल्या सहा महिन्यांचे उड्डाणाचे तास आणि पगाराच्या तारखा विचाराव्यात. कंपनीचे किती मार्ग अनुदानावर आहेत आणि त्यांची मुदत केव्हा संपते, हे तपासावे. अखेरीस बाँडचा मसुदा सहीपूर्वी वकिलाला दाखवून, कंपनी बंद पडली किंवा पगार थकला तर काय, याचे उत्तर त्यात लेखी आहे की नाही ते बघावे. नसेल तर ते मागण्यात संकोच कसला? शाळेतल्या साध्या नेमणुकीचा आदेशही आपण दोनदा वाचतो. आयुष्याची पुंजी ज्यावर लावली, तो कागद न वाचता सही करण्याची घाई कोणीही करू नये. आणि असा कागद निमूटपणे पुढे करण्याची मुभा सरकारने कंपन्यांना देऊ नये.